कार्यशाळेत सापडलेलं तालमीत हरवतं, काय करावं?

तिसरी_घंटा:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे. थोडक्यात मांडला तर भलताच अर्थ निघेल असं वाटतं, म्हणून सगळं सांगतो.

मी सहा वर्षं हौशी नाटकांतून कामं करतोय. गेल्या दोन वर्षांत नाटकवाल्यांच्या तीन कार्यशाळा केल्या. शिवाय जमतील तेवढी व्याख्यानं, मुलाखती, पुस्तक प्रकाशनाचे कार्यक्रम ऐकले. प्रत्येक वेळी भारावून घरी आलो. चार पुस्तकं लेखकांच्या सह्यांसकट घेतली, चारही निम्म्यावर अडकलीत.

तिसरी कार्यशाळा पाच दिवसांची होती. चौथ्या दिवशी माझ्या वाट्याला बाप-लेकाचा एक प्रवेश आला. मुलगा घर सोडून चाललाय, तेच सांगायला बापाच्या खोलीत आलाय, पण सांगवत नाही. मी दोनदा केला. दोन्ही वेळा नेहमीसारखाच: आवाज चढवत नेला आणि शेवटच्या वाक्याला गळा दाटवला. कार्यशाळा घेणारे दिग्दर्शक काहीच बोलले नाहीत. त्यांनी एक चादर आणून दिली आणि म्हणाले, ही बापाच्या पलंगावर घालायची, एकही सुरकुती राहता कामा नये, संवाद येतील तसे येऊ देत. मी चादर घालत बोलायला लागलो. एक कोपरा सारखा निसटत होता. त्या कोपऱ्याशी झटापट चाललेली असतानाच "मी उद्या निघतोय" हे वाक्य तोंडून गेलं, अगदी हळू. खोलीत कुणी हललं नाही. प्रवेश संपला तेव्हा माझे हात थरथरत होते.

दोन आठवड्यांनी आमच्या नाटकाच्या तालमीत तसं करायला गेलो. तिथेही मुलाचंच काम आहे. आवाज खाली आणला, थांबलो, श्वास घेतला. आमचे दिग्दर्शक म्हणाले, "ऐकू येत नाहीये. आणि हा पॉज कशासाठी?" पुन्हा केलं तर माझं मलाच खोटं वाटलं. तिसऱ्या वेळी मुकाट्याने जुन्या वळणावर गेलो.

घरी येऊन कार्यशाळेची वही उघडली. "क्षणात राहा." "समोरच्याकडून घ्या." "ऊर्जा नाभीपासून." लिहिताना अंगावर काटा आला होता. आता वाचतो तर हाताला काहीच लागत नाही.

तेव्हा विचारायचं असं की कार्यशाळेतलं तालमीपर्यंत आणायचं कसं? पुस्तक आधी वाचावं की नंतर? आणि अशा लोकांची व्याख्यानं ऐकायला जातो तेव्हा विचारावं तरी काय? मी एकदा धीर करून "भूमिकेची तयारी कशी करता?" असं विचारलं, तर मुलाखतींत नेहमी येतं तेच उत्तर मिळालं.


पडदा_उघडा:

पुस्तक नंतर. माझं स्पष्ट मत आहे. व्हायोला स्पोलिन या अमेरिकन नाट्यशिक्षिकेचं इम्प्रोव्हायझेशनवरचं, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी सुचेल तसं करण्यावरचं पुस्तक (१९६३) मी आधी वाचलं होतं, तेव्हा ती खेळांची भलीमोठी यादी वाटली आणि कंटाळून ठेवून दिलं. मग एका शिबिरात त्यातलेच पाच-सहा खेळ खेळलो आणि घरी येऊन तेच पुस्तक रात्रभर वाचलं. प्रत्येक खेळात लक्ष कशावर ठेवायचं हे ती एका ओळीत सांगते. खेळून झाल्याशिवाय त्या एका ओळीची किंमत कळत नाही.


विंगेतली:

तिसरी_घंटा, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळपर्यंत डोक्यातून गेला नाही. मी नट नाही. बावीस वर्षं विंगेत आहे. आधी प्रॉम्प्टर होते, नंतर रंगमंच व्यवस्था बघायला लागले. आमच्या संस्थेत बाहेरच्या माणसांची व्याख्यानं आणि कार्यशाळा ठरवण्याचं कामही बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे मी कार्यशाळा केल्यात कमी आणि मागच्या भिंतीला टेकून पाहिल्यात जास्त. तिथून दिसलं ते सांगते.

आधी वहीबद्दल. तुमच्या वहीत सांगणाऱ्याची वाक्यं आहेत. तुमच्या प्रवेशात काय घडलं ते त्यात नाही. आता इथे तुम्ही जे लिहिलंत, चादर, निसटणारा कोपरा, नेमकं कोणतं वाक्य कधी गेलं, ती खरी नोंद. ती तुम्हाला आठवणीतून लिहिता आली, वहीतून नाही.

मी प्रॉम्प्ट बुकवर, म्हणजे नटांच्या सगळ्या हालचाली टिपलेल्या संहितेच्या प्रतीवर वाढले, म्हणून मला ही सवय लागली. प्रॉम्प्ट बुकात "इथे दुःखी होतो" असं लिहून चालत नाही. "खुर्चीच्या पाठीवर डावा हात, 'बरं' नंतर उठतो, दोन पावलं खिडकीकडे" असं लिहावं लागतं. कारण उद्या नट बदलला तर मला त्याच्याकडून हे करून घेता आलं पाहिजे. कार्यशाळेतही मी तसंच लिहिते. माझ्या वहीतली एक जुनी नोंद जशीच्या तशी देते:

"मुलगी फोनवर बोलते. पहिल्यांदा: डोळे मिटले, कपाळाला हात, फोनवर माणूस आहे असं वाटत नाही. सूचना: पलीकडचा काय बोलतोय ते मनात पूर्ण ऐक, त्याचं वाक्य संपल्याशिवाय बोलू नकोस. दुसऱ्यांदा: मध्ये मोठ्या जागा पडल्या, कंटाळवाणं. सूचना: तो बोलत असताना तुला टोकायचंय, पण तो थांबतच नाही. तिसऱ्यांदा: तोंड दोनदा उघडून मिटलं. मान पुढे. 'हो' म्हणाली तेव्हा हसू आलं सगळ्यांना, तिला कळलंच नाही का ते."

ही नोंद अकरा वर्षांपूर्वीची. आजही मी ती वाचून कुणालाही तो प्रसंग करायला लावू शकते. त्या मुलीने त्याच दिवशी तिच्या वहीत "ऐकणं म्हणजेच अभिनय" असं लिहिलेलं मी पाहिलं होतं. वाक्य खरं आहे, पण त्यावरून तिला पुढच्या तालमीत काय करता आलं असतं?

आता चादरीकडे येते, कारण माझ्या मते तुमची अडचण तिथेच आहे. कार्यशाळेत तुमचा आवाज खाली आला तो तुम्ही आणला नव्हता. तुमचं सगळं लक्ष कोपऱ्यात होतं, म्हणून वाक्याला सजवायला तुमच्याकडे कुणी उरलंच नाही. तालमीत मात्र तुम्ही तो आवाज परत आणायला गेलात आणि चादर घरी राहिली. दिग्दर्शकांनी "पॉज कशासाठी" विचारलं ते बरोबरच विचारलं. त्या पॉजमध्ये करायला काही नव्हतं.

स्तानिस्लाव्हस्की या रशियन नट-दिग्दर्शकाच्या अभिनयावरच्या पहिल्या पुस्तकात नेमकी हीच गोष्ट आहे. एका विद्यार्थिनीला सांगितलं जातं की तुझ्यासाठी एक पिन पडद्याच्या चुण्यांत खोचून ठेवली आहे, ती शोध. ती रंगमंचावर धावते, डोकं धरते, पडदा हलवते, हताश होऊन खाली येते आणि स्वतःवर बेहद्द खूश असते. शिक्षक विचारतात, पिन कुठाय? ती शोधायचंच विसरलेली असते. मग ते सांगतात, पिन सापडली नाही तर शाळा सोडावी लागेल. आता ती खरोखर शोधते. एकेक चुणी चाचपते, हावभाव काही नाहीत. बघणाऱ्यांना दुसरा शोधच खरा वाटतो, तिला मात्र पहिला जास्त आवडलेला असतो. तुम्ही पुस्तक निम्म्यावर सोडलं असेल तरी हे प्रकरण सुरुवातीलाच आहे, आज रात्री वाचा.

आणि त्या पुस्तकाबद्दल आणखी एक. ते अख्खं एका विद्यार्थ्याची रोजनिशी म्हणून लिहिलंय. आज शिक्षकांनी काय करायला लावलं, माझं कुठे चुकलं, शेजारचा का हसला, असं. एवढ्या मोठ्या माणसाला सिद्धान्त मांडायला तोच आकार योग्य वाटला. म्हणजे तुमची वही कशी असावी याचा नमुना तुमच्या कपाटातच असेल.

या पुस्तकाने एक गोंधळही केला, तो माहीत असलेला बरा. इंग्रजीत ते १९३६ मध्ये आलं. आवाज, बोलणं, शरीर यांवरचा दुसरा भाग इंग्रजीत आला १९४९ मध्ये. मधली तेरा वर्षं पुष्कळ लोकांना पहिला भाग म्हणजेच सगळी पद्धत असं वाटत राहिलं आणि स्वतःच्या आठवणी उकरून भावना आणण्यावर भलता भर पडला. खरं तर स्टेला अॅडलर ही अमेरिकन नटी १९३४ मध्ये पॅरिसमध्ये स्तानिस्लाव्हस्कीला प्रत्यक्ष भेटली, काही आठवडे त्याच्याकडे काम केलं आणि परत जाऊन ग्रुप थिएटर या न्यूयॉर्कच्या नाट्यसंस्थेतल्या सहकाऱ्यांना तिने सांगितलं की भर नाटकातल्या परिस्थितीवर आणि कृतीवर द्यायचा आहे. शेवटच्या वर्षांत तर तो शारीरिक कृतींवरच काम करत होता. एकाच माणसाचं एक पुस्तक वाचून थांबलं की असं होतं. म्हणून पुस्तक आधी की नंतर यापेक्षा, ते त्या माणसाच्या आयुष्यात कधी आलं आणि नंतर त्याने काय बदललं, हे मी बघते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकदा मी ठरवलेल्या कार्यशाळेत एका पाहुण्यांनी वीस वर्षांच्या मुलाला त्याच्या घरातल्या मृत्यूची आठवण काढायला लावली. मुलगा रडला आणि थांबेना. सगळे टाळ्या वाजवत होते. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मध्ये पडले नाही, कारण पाहुणे मोठे होते. मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतर नाटकातही आला नाही. मी तेव्हा दिवे लावून "दहा मिनिटं थांबू या" म्हणायला हवं होतं. त्यानंतर मी कुठल्याही पाहुण्यांशी आधी बोलून घेते: कुणालाही मधूनच "मला हे करायचं नाही" म्हणता येईल, कारण विचारलं जाणार नाही, आणि शेवटची पंधरा मिनिटं सगळ्यांना मोकळं करण्यासाठी राखलेली असतील. ज्यांना हे पटत नाही त्यांना मी बोलावत नाही. तुम्हीही कार्यशाळा निवडताना हे विचारून घ्या. विचारल्याचा राग येणारा माणूस शिकवायला कसा असेल ते तिथेच कळतं.

व्याख्यानात काय विचारावं? "तयारी कशी करता" याला त्या माणसाने हजार वेळा उत्तर दिलेलं असतं, ते घासून गुळगुळीत झालेलं असतं. एकच जागा पकडा. आमच्याकडे एक ज्येष्ठ नट बोलायला आले होते. त्यांचं नाटक मी चार वेळा पाहिलं होतं. मी विचारलं, "दुसऱ्या अंकात तुम्ही चष्मा काढता आणि पुढचं सगळं चष्म्याशिवाय बोलता. ते कुठून आलं?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग सांगायला लागले. एका प्रयोगात घामाने चष्मा घसरत होता म्हणून वैतागून काढला. त्यामुळे समोरच्या नटीचा चेहरा धूसर दिसायला लागला. चेहरा दिसेना म्हणून तिचं वाक्य जास्त लक्ष देऊन ऐकावं लागलं, आणि त्या रात्री तो प्रवेश वेगळाच झाला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम काढला तर काहीच झालं नाही. मग त्यांनी शोध घेतला की ते पात्र चष्मा का काढेल. त्यांना कारण सापडलं: त्याला बायकोचा चेहरा बघवत नाही. तेव्हापासून तो चष्मा त्या वाक्यावर बसला. वीस मिनिटं बोलले ते, आणि जाताना म्हणाले की हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. एका अपघाताचं कायमचं काम कसं झालं ते त्या वीस मिनिटांत होतं.


पंचेचाळीस_अंश:

विंगेतली ताई, चष्म्याचा प्रसंग फार आवडला.

मी प्रकाशयोजना करतो. तिसरी_घंटा, एक सुचवतो: पुढची कार्यशाळा अभिनयाची करू नका. प्रकाशाची, नेपथ्याची किंवा ध्वनीची करा. आमच्या लोकांना "क्षणात राहा" म्हणता येत नाही, आम्हाला दिवा कुठेतरी टांगावाच लागतो.

मी एक साधा प्रयोग करून घेतो. अंधाऱ्या खोलीत एकाला स्टुलावर बसवायचं आणि एकच दिवा. आधी बरोबर समोरून: चेहरा सपाट, फोटो चिकटवल्यासारखा. मग डोक्यावरून: डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाची सावली ओठांवर. खालून. नुसता मागून, म्हणजे केसांची कड उजळते आणि माणूस भिंतीपासून सुटा होतो. मग एका बाजूने, पंचेचाळीस अंश वरून. इथे पहिल्यांदा चेहऱ्याला गोलाई येते. त्याच उंचीवरून दुसऱ्या बाजूला दुसरा दिवा, एक उबदार रंगाचा आणि एक थंड. या मांडणीवर स्टॅनली मॅककँडलेस या अमेरिकन प्रकाशयोजनाकाराचं पुस्तक १९३२ मध्ये आलं आणि आजही शिकवताना सुरुवात तिथूनच होते.

आता नटासाठी यात काय? बसलेल्याला मी तेच एक वाक्य प्रत्येक दिव्यात म्हणायला लावतो, काहीही न बदलता. बघणारे शपथेवर सांगतात की त्याने प्रत्येक वेळी वेगळं म्हटलं. हे एकदा पाहिलं की नट सगळा भार स्वतःच्या चेहऱ्यावर घेणं सोडतो. आणखी एक फायदा, प्रकाशात नेमकं कुठे उभं राहायचं ते गालाला कळायला लागतं.


तिसरी_घंटा:

सगळ्यांचे मनापासून आभार. विंगेतली ताई, "चादर घरी राहिली" वाचून मी खरंच थांबलो. तेच झालंय.

पण आमच्या नाटकात चादर नाही, पलंगही नाही. बाप आरामखुर्चीत आणि मी दाराशी उभा, असं ब्लॉकिंग आहे. दिग्दर्शक जुन्या वळणाचे, आदरणीय माणूस, माझ्या आधीपासून संस्थेत. त्यांना "कार्यशाळेत असं करतात" म्हटलं तर वाईट वाटेल. आणि मी हळू बोललो तर मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही, हे त्यांचं म्हणणं तर खरंच आहे.


संहितेचा_माणूस:

मध्येच बोलतो. मी लिहितो, आणि लेखनाच्या कार्यशाळाही घेतो.

विंगेतलींशी एका बाबतीत माझं जमत नाही. कार्यशाळा चालू असताना लिहू नये. मी वह्या बाहेर ठेवायला सांगतो. लिहिणारा माणूस समोरच्याला सोडून स्वतःच्या वाक्यात जातो. त्या भिंतीला टेकून लिहू शकतात कारण त्या भाग घेत नसतात. नटाने रात्री घरी गेल्यावर लिहावं, आठवेल तेवढंच.

व्याख्यानांबद्दल: चांगलं व्याख्यान हीच कार्यशाळा होऊ शकते. ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रुकचं द एम्प्टी स्पेस (१९६८) हे पुस्तक मुळात विद्यापीठांत दिलेल्या चार व्याख्यानांतून आलंय. व्याख्यानाला आलेल्यांवरच केलेला एक प्रयोग त्याने त्यात सांगितलाय. श्रोत्यांतून आलेल्या एकाला त्याने जर्मन नाटककार पीटर वाइसच्या नाटकातला उतारा वाचायला दिला. विषय छळछावण्यांतल्या मृतांचा. वाचणारा कसलेला नव्हता, पण जे समोर होतं त्यानेच तो इतका हलला की सभागृह एकदम शांत झालं. दुसऱ्याला दिली शेक्सपिअरच्या पाचव्या हेन्रीच्या नाटकातली युद्धात मेलेल्यांची यादी. शेक्सपिअर म्हटल्याबरोबर त्याने खोटा भारदस्त आवाज लावला आणि लोक चुळबुळायला लागले. मग ब्रुकने श्रोत्यांनाच विचारलं की ही माणसंही मेलेलीच आहेत ना, मग यांचं तुम्हाला काहीच का वाटलं नाही? पुन्हा वाचन झालं. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचं आणि त्या शांततेत श्रोत्यांनी त्या नावाचा माणूस डोळ्यांसमोर आणायचा. ऐकणारे काम करायला लागले, त्याबरोबर वाचणाऱ्याचा आव गळून पडला आणि बोलणं साधं झालं.

मी हे माझ्या वर्गात करून पाहिलंय, कुठलीही नावांची यादी घेऊन. दर वेळी होतंच असं नाही. पण होतं तेव्हा कळतं की शांतता अर्धी ऐकणाऱ्यांनी बनवलेली असते.

आणि आवाजाबद्दल: हळू आणि अस्पष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॉयल शेक्सपिअर कंपनीत वर्षानुवर्षं आवाजाचं काम बघणाऱ्या सिसिली बेरीचा एक व्यायाम करा. उतारा मोठ्याने म्हणत चालायचं आणि प्रत्येक विरामचिन्हाला दिशा बदलायची. स्वल्पविराम आला की वळा, पूर्णविराम आला की वळा. दहा मिनिटांत दमायला होतं. पण विचार वाक्यात कुठे वळतो ते पायांना कळतं, आणि मग वाक्याचं शेपूट गिळलं जात नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ते गिळलं की मागच्या रांगेला कोण, कुठे, कधी सगळं कळतं, पण काय झालं ते कळत नाही. "मी उद्या निघतोय" मधला "निघतोय" पोचला पाहिजे. तो मोठ्याने म्हणायची गरज नाही.


विंगेतली:

संहितेचा_माणूस, वहीचं तुमचं म्हणणं मान्य. भाग घेणाऱ्याने रात्रीच लिहावं. माझं विंगेतलं बोलणं मी नटाच्या गळ्यात मारलं.

तिसरी_घंटा, दिग्दर्शकांना कार्यशाळेचं नाव काढूच नका. त्यांना पद्धत विकायची नाहीये, एक प्रवेश सुधारायचाय. तालमीच्या आधी दहा मिनिटं लवकर जा, बापाचं काम करणाऱ्याला विश्वासात घ्या, आणि दिग्दर्शकांना फक्त एवढंच विचारा: "तो दाराशी नुसता उभा राहतो, त्या वेळात त्याला घरातलं काही आवरायचं असेल तर चालेल का?" असा प्रश्न कुठल्याही दिग्दर्शकाला कळतो. नाही म्हणाले तर उभं राहूनच करायचं काही शोधा. सदऱ्याची बाही नीट दुमडणं, पिशवीची चेन अडकलेली असणं, काहीही. फक्त तीन अटी. ते काम खरोखर अवघड हवं. पूर्ण करायची तुमच्याकडे निकड हवी. आणि ते त्या घरातलं हवं, कार्यशाळेतलं नको.

आणि एका वेळी एकच गोष्ट. तीन कार्यशाळांतलं सगळं एका प्रवेशात कोंबू नका. चालण्याचा व्यायाम घरी, हातातलं काम तालमीत, बाकी वही बंद.


तिसरी_घंटा:

बारा दिवसांनी लिहितोय.

सेटवर आरामखुर्चीशेजारी जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग होता, शोभेला ठेवलेला. मी दिग्दर्शकांना विचारलं की जाण्याआधी मुलगा हा गठ्ठा बांधून ठेवत असेल तर? ते थोडा वेळ बघत राहिले आणि "करून दाखव" म्हणाले.

पहिल्या दिवशी फसलं. सुतळी हातात धरून मी संवाद म्हणत होतो, बांधत काहीच नव्हतो. पिनवाल्या मुलीसारखंच. (ते प्रकरण त्याच रात्री वाचलं होतं, तरीही.) दुसऱ्या दिवशी ढीग मुद्दाम मोठा घेतला, वेडावाकडा. गुडघा देऊन दाबल्याशिवाय सुतळी पुरत नव्हती. बापाचं काम करणारे गृहस्थ बोलत होते आणि मला खरंच अर्धं ऐकू येत होतं, अर्धं नाही. गाठ मारायला एक बोट सुतळीवर दाबून धरावं लागतं, ते कुणीतरी दुसऱ्याने धरलं तर सोपं जातं. मी कधी वर बघितलं मला माहीत नाही. ते आरामखुर्चीतून वाकले आणि त्यांनी बोट ठेवलं. हे ठरलेलं नव्हतं. त्यांचं बोट सुतळीवर असताना मी "मी उद्या निघतोय" म्हणालो आणि गाठ आवळली. त्यांना बोट काढून घ्यायला एक क्षण उशीर झाला.

दिग्दर्शक मागच्या भिंतीपाशी जाऊन उभे होते, मला नंतर कळलं. "निघतोय ऐकू आलं," म्हणाले. मग म्हणाले, "हे ठेवा. बोटासकट."

चालण्याचा व्यायाम मी रोज सकाळी गच्चीवर करतोय. रात्री वहीत फक्त काय केलं ते लिहितो. कालच्या पानावर आहे: "गठ्ठा लहान होता, लवकर बांधून झाला, वाक्य उघड्यावर पडलं. उद्या जास्त कागद."

आता एकच शंका. असं रोज खरंखुरं बांधत राहिलो तर दहाव्या प्रयोगाला हात सरावतील आणि परत तेच होईल का?


विंगेतली:

सरावतील. चष्म्याचं त्यांचंही झालं होतं. त्यासाठी माझ्या बाजूने करता येतं ते सांगते. रंगमंच व्यवस्था बघणाऱ्याला आत्ताच विश्वासात घ्या. गठ्ठ्यात कागद किती ते त्याने दर प्रयोगाला थोडं बदलायचं आणि तुम्हाला सांगायचं नाही. आधीच्या प्रयोगाची गाठ सोडवून तीच सुतळी पुन्हा वापरू देऊ नका, ती वळण धरते आणि हातात मऊ पडते. दर प्रयोगाला नवी, कोरी, हातभर जास्त. आणि कात्री विंगेत माझ्यासारख्या कुणाच्या तरी हातात असू द्या. एखाद्या रात्री गाठ सुटणार नाही आणि तुम्हाला गठ्ठ्यासकट एक्झिट घ्यावी लागेल, तेव्हा पुढच्या प्रवेशाआधी ती कापायला चाळीस सेकंदच मिळतात.